घराबाहेरच्या रोषणाईच्या कंट्रोलरला रिसेट बटण कसं जोडावं

घरी जुळवलेला पिक्सेल कंट्रोलर, म्हणजे माळेतल्या प्रत्येक लाइटला (पिक्सेलला) रंग सांगणारा बोर्ड, अडकतो तेव्हा तो स्क्रूने बंद केलेल्या डब्यात असतो आणि डबा बहुधा छपराखाली, शिडीशिवाय हात न पोचणाऱ्या जागी. बोर्डावर बारीकसं रिसेट बटण असतंच, पण झाकण उघडल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. मग प्लग काढून परत लावला जातो. त्याने काम भागतं, पण दर वेळी ओल्या जागेतल्या मेन्सच्या प्लगला हात लागतो आणि पॉवर सप्लायमध्ये सुरुवातीचा मोठा करंट परत एकदा धावतो. डब्याच्या बाहेरून दाबता येईल असं बटण हा त्याहून बरा उपाय.

जोडणी म्हणावी तर दोन तारांची आहे. खरी मेख अशी, की रिसेटची रेघ, म्हणजे चिपला रिसेट करणारी जोडणी, ही बोर्डावरची सगळ्यात हळवी रेघ असते. तिला मीटरभर तार जोडून डब्याबाहेर नेलं की ती तार अँटेनासारखी वागते. जवळ मोटर सुरू झाली, रिले (विजेने चालणारा स्विच) पडला, बटणात ओल शिरली, की कंट्रोलर आपोआप रिसेट होतो. म्हणजे महिन्यातून एकदा अडकणारा कंट्रोलर सुधारायला जावं आणि तो रात्रीतून चारदा रिसेट व्हायला लागावा, असं होतं. खालच्या सूचनांचा बराचसा भाग हे टाळण्यासाठीच आहे.

आधी अडकलंय काय ते बघा

रिसेट म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, चिपचा रिसेट: प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, सेटिंग जशीच्या तशी राहतात. दुसरी, वीज तोडून परत देणं: चिपसोबत पिक्सेलसुद्धा कोरे होऊन उठतात. तिसरी, फॅक्टरी रिसेट: वायफायच्या पासवर्डसकट सगळं पुसलं जातं. बाहेर लावायच्या बटणाला हे तिसरं काम कधीही देऊ नका. काही फर्मवेअरमध्ये (बोर्डात भरलेल्या प्रोग्रॅममध्ये) एखाद्या पिनवरचं बटण जास्त वेळ दाबून धरलं की फॅक्टरी रिसेट होतो. आपलं बटण त्या पिनवर गेलं, तर कुणीतरी अंगठा दाबून धरेल आणि सगळं पुन्हा भरत बसावं लागेल.

लक्षणांवरून निवड सोपी होते. लाइट एकाच रंगावर गोठलेत आणि कंट्रोलरचं वेब पेजही उघडत नाही, तर चिप अडकली आहे. साधा रिसेट पुरेल. लाइट नीट नाचताहेत पण पेज उघडत नाही, तर फक्त वायफाय तुटलं आहे. रिसेटने ते जुळेल, पण कमकुवत सिग्नल हे कारण असेल तर परत तुटेल. पेज नीट उघडतं, कंट्रोलर आज्ञा घेतो, पण माळेतल्या एका ठिकाणापासून पुढे रंग चुकलेले किंवा गोठलेले, तर बिघाड पिक्सेलमध्ये, डेटाच्या तारेत किंवा पुरवठ्यात आहे. डब्ल्यूएस२८११ किंवा डब्ल्यूएस२८१२बी या नेहमीच्या जातींच्या पिक्सेलला रिसेटची वेगळी पिन नसते. पुरवठा असेपर्यंत तो शेवटचा मिळालेला रंग धरून ठेवतो. त्यामुळे या शेवटच्या लक्षणात चिपचा रिसेट कितीही वेळा दाबा, फरक पडणार नाही. तिथे वीज तोडणारं बटण लागतं. ते पुढे दिलं आहे.

कुठल्या बोर्डावर कुठली पिन

ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपच्या बोर्डावर पिनचं नाव ईएन. ती ३.३ व्होल्टला खेचलेली असते आणि जमिनीला (बोर्डावरच्या जीएनडी, म्हणजे शून्य व्होल्टच्या पिनला) टेकली की चिप बंद पडते, सोडली की पहिल्यापासून सुरू होते. ईएसपी८२६६ वर आरएसटी ही पिन घ्या. तिथे ईएन नावाची वेगळी पिनही असते, ती सोडून द्या. नॅनो किंवा ऊनोसारख्या एटीमेगा३२८ च्या बोर्डांवर आरएसटी किंवा रिसेट. रास्पबेरी पाय पिकोवर रन, ३० नंबरची पिन. पिकोवर तर रिसेटचं बटण मुळातच नाही, त्यामुळे तिथे हे काम करायलाच हवं.

मोठा रास्पबेरी पाय हा छोटा पण पूर्ण कॉम्प्युटर असतो, त्याचं गणित वेगळं. त्यावरही रन असते आणि ती जमिनीला टेकवली की प्रोसेसर रिसेट होतो, पण मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना असं झालं तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. कार्डावरून गाण्यांसोबत शो चालवणाऱ्या पायला बटण लावायचं तर ते जीपीआयओ ३ (प्रोग्रॅमला वापरता येणारी ३ क्रमांकाची पिन) आणि जमीन यांच्यामध्ये, म्हणजे ५ आणि ६ नंबरच्या पिनमध्ये लावा आणि कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउनचा ओव्हरले (तयार सेटिंग) चालू करा. मग एकदा दाबल्यावर पाय शिस्तीत बंद होतो आणि बंद झाल्यावर परत दाबलं की उठतो. रन पिन शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

पिनवर हेडर (तार खोचायची दांडी) नसेल, तर बोर्डावरच्या छोट्या बटणाच्या पायांवर तार डागता येते. चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. वीज बंद ठेवून मल्टिमीटर बीपवर लावा. जे पाय बटण न दाबताच बीप देतात ते एकाच बाजूचे. त्यांतली जी बाजू बोर्डाच्या जीएनडीशी बीप देते ती जमीन, दुसरी रिसेटची.

डब्यावरच बसणारं बटण

कंट्रोलर आणि बटण एकाच डब्यात, मधलं अंतर १५ सेंटिमीटरच्या आत असेल, तर ही साधी जोडणी पुरते. सामान असं लागेल:

- पुश टू मेक जातीचं, म्हणजे दाबलं की जुळतं आणि सोडलं की तुटतं असं बटण. १२ किंवा १६ मिलिमीटरचं, आयपी६५ किंवा आयपी६७ या पाणी-धूळ रोखणाऱ्या दर्जाचं
- १०० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर
- ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (एटीमेगासाठी ०.०१ मायक्रोफॅरड)
- नेटवर्क केबलमधली पिळाची एक जोडी, २० सेंटिमीटर
- श्रिंक स्लीव्ह (गरम केली की डागावर आवळून बसणारी नळी)

बटण विकत घेताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: दाबल्यावर ते आत अडकून राहत नाही ना. अडकून राहणारं बटण लावलं की कंट्रोलर रिसेटमध्येच राहतो आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बोर्ड जळला. दिसायला दोन्ही जाती अगदी सारख्या असतात, म्हणून मल्टिमीटरने खात्री करूनच बसवा.

कपॅसिटर बोर्डाजवळ लावायचा. त्याचा एक पाय ईएनला, दुसरा जीएनडीला, पाय शक्य तेवढे आखूड. बटणाजवळ लावला तर तारेत शिरलेला विजेचा गोंगाट बोर्डापर्यंत पोचतोच आणि कपॅसिटर नुसता शोभेला राहतो. ईएसपीच्या बोर्डांवर १० ते १२ किलोओहमचा पुल-अप (पिनला ३.३ व्होल्टला खेचून ठेवणारा रेझिस्टर) बहुतेक आधीच असतो, पण काही स्वस्त बोर्डांवर कपॅसिटर लावलेला नसतो, म्हणून आपला लावणं बरं. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मिळून १ मिलिसेकंदाचा वेळ देतात. सुईसारखे टोकदार गोंगाट त्यात गिळले जातात. आजूबाजूला मोटरी, पंप असतील तर ईएसपी३२ वर १ मायक्रोफॅरडपर्यंत जा. त्यापुढे जाऊ नका.

एटीमेगावर ०.०१ का, याला कारण आहे. त्या बोर्डांवर प्रोग्रॅम चढवताना यूएसबीचा डीटीआर सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेटला झटका देतो. आपणही तेवढाच कपॅसिटर जमिनीला लावला, तर झटका अर्ध्यावर येतो, ५ व्होल्टची पिन अडीच व्होल्टपर्यंतच खाली जाते आणि अपलोड होत नाही. ०.०१ लावला तर ती साधारण अर्ध्या व्होल्टपर्यंत उतरते आणि सगळं पूर्वीसारखं चालतं. बटण जोडल्यापासून अपलोड बंद पडलं असेल, तर पहिला संशय या कपॅसिटरवर घ्या.

१०० ओहमचा रेझिस्टर ईएन आणि बटणाकडे जाणारी तार यांच्या मध्ये, बोर्डाच्याच टोकाला येतो. बोटातून बटणाच्या धातूवर उडणारी स्थिर विजेची ठिणगी तो अडवतो आणि बटण दाबताना कपॅसिटरचा सगळा चार्ज एकदम कॉन्टॅक्टमधून जाऊ देत नाही. इथे जास्त मोठा रेझिस्टर लावण्याचा मोह होतो. ईएसपी३२ ची ईएन पिन ०.६ व्होल्टच्या खाली गेली तरच रिसेटची खात्री असते. समजा बोर्डावर १० किलोओहमचा पुल-अप आहे आणि आपण बाहेरून अजून ४.७ किलोओहमचा जोडला. दोन्ही मिळून ३.२ किलोओहम झाले. आता मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर बटण पूर्ण दाबूनही पिनवर ०.७९ व्होल्ट उरतात, रिसेट कधी होतो, कधी नाही. १०० ओहमला तिथे जेमतेम ०.१ व्होल्ट उरतो.

जमिनीची तार बोर्डाच्याच जीएनडी पिनवरून घ्या. पॉवर सप्लायच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बांधू नका. तिथून माळांचा अनेक अँपिअरचा करंट वाहतो आणि लाइट एकदम पांढरे झाले की त्या टर्मिनलचं व्होल्टेज बोर्डाच्या जमिनीपेक्षा वेगळं होतं. पिळाच्या जोडीतली एक तार रिसेटची, दुसरी जमिनीची, आणि पीळ बटणापर्यंत कायम ठेवा. ही जोडी मेन्सच्या तारांना समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. माळेच्या डेटा तारेपासूनही लांब ठेवा.

डब्यात १२ व्होल्टच्या तारा मोकळ्या लोंबत असतील, तर रिसेटच्या डागांवर श्रिंक स्लीव्ह आलीच पाहिजे. ३.३ व्होल्टच्या पिनला १२ व्होल्ट लागले की ईएसपी तिथेच संपतो.

भोक न पाडता: रीड स्विच आणि चुंबक

डबा प्लॅस्टिकचा असेल तर याच्याइतका चांगला मार्ग नाही, आणि का कोण जाणे, फार कमी जण तो वापरतात. बटणासाठी भोकच नसल्याने तिथून पाणी शिरायचा प्रश्न येत नाही. काचेच्या नळीतला नॉर्मली ओपन (एरवी तुटलेला, चुंबक आलं की जुळणारा) रीड स्विच डब्याच्या आतल्या भिंतीला आडवा चिकटवा आणि बाहेर त्याच जागी रंगाने ठिपका काढा. १० मिलिमीटर व्यासाचं निओडिमियम चुंबक ठिपक्याला टेकवलं की स्विच जुळतो, काढलं की तुटतो. जोडणी वरचीच: १०० ओहम, कपॅसिटर, पीळ. इथे १०० ओहमला सोडचिठ्ठी देऊ नका. रीडचे कॉन्टॅक्ट नाजूक असतात, कपॅसिटर थेट त्यांच्यातून रिकामा झाला तर ते एकमेकांना चिकटू शकतात. रेझिस्टर असला की करंट ३३ मिलिअँपिअरच्या वर जात नाही.

रीडचे पाय वाकवताना काच फुटते. पकडीने काचेपासून ३ मिलिमीटरवर पाय घट्ट धरा आणि पकडीच्या पलीकडचा भाग वाकवा, म्हणजे ताण काचेपर्यंत जात नाही. गरम गोंदाचा थेंब दोन्ही टोकांना द्या, मधल्या काचेवर नको. चिकटवण्याआधी चुंबक फिरवून बघा: बहुतेक रीड चुंबकाच्या ध्रुवाखाली बरोबर मधोमध धरलं तर जुळत नाहीत, टोकाकडे सरकवलं की जुळतात. ठिपका त्या जागी काढायचा. डब्यात रिले, ट्रान्सफॉर्मर किंवा शेजारी स्पीकर असेल तर रीड त्यांच्यापासून निदान १० सेंटिमीटर लांब. लोखंडी डब्यात हा प्रकार चालत नाही.

डब्यात मेन्सवर चालणारे सॉलिड स्टेट (हलणारे भाग नसलेले, इलेक्ट्रॉनिक) रिले असतील, तेव्हाही धातूच्या बटणापेक्षा हाच मार्ग धरा. बाहेर हात लागेल असं धातूचं काही उरतच नाही.

बटण लांब हवं असेल तर

कंट्रोलर छपराखाली आणि बटण दाराजवळ, मध्ये ५ ते २० मीटर केबल, अशी मांडणी बऱ्याच जणांना हवी असते. ईएनची तार एवढी लांब ओढू नका, कितीही कपॅसिटर लावा. दोन अडचणी आहेत. लांब तार गोंगाट गोळा करते, हे झालंच. दुसरी ओलीची. बटणाच्या डब्यात ओल शिरून दोन टोकांमध्ये १० किलोओहमची गळती झाली, की १० किलोओहमच्या पुल-अपसमोर ईएन अर्ध्यावर, म्हणजे १.६५ व्होल्टवर येते. चिप धड चालू नाही, धड बंद नाही.

उपाय म्हणजे पीसी८१७ हा चार पायांचा ऑप्टोकपलर: त्याच्या आत १ आणि २ नंबरमध्ये एलईडी असतो, तो पेटला की ३ आणि ४ नंबर जुळतात. लांबच्या तारेतून १२ व्होल्टवर १० मिलिअँपिअर वाहतील तेव्हाच रिसेट व्हावा, अशी मांडणी करायची. तारेत शिरणाऱ्या गोंगाटात एवढा करंट ढकलायची ताकद नसते. शिवाय बाहेरच्या बटणाच्या कॉन्टॅक्टवर चढणारा गंजाचा पातळ थर ०.३ मिलिअँपिअरला दाद देत नाही, १० मिलिअँपिअरला देतो.

जोडणी अशी. १२ व्होल्टच्या पॉझिटिव्हवरून १ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर, तिथून पीसी८१७ ची १ नंबरची पिन. २ नंबरच्या पिनवरून तार बाहेर बटणाकडे. बटणाचं दुसरं टोक जोडीतल्या दुसऱ्या तारेने परत डब्यात, १२ व्होल्टच्या निगेटिव्हवर. ४ नंबर ईएनला, ३ नंबर बोर्डाच्या जीएनडीला. कपॅसिटर ईएनवर आधीसारखाच. बटण दाबल्यावर साधारण १०.८ मिलिअँपिअर वाहतात. रेझिस्टर आणि ऑप्टोकपलर दोन्ही डब्यातच असल्याने बाहेरची केबल कुठे चेपून दोन्ही तारा एकत्र आल्या, तरी एवढाच करंट जातो आणि काही जळत नाही. कंट्रोलर मात्र केबल सुटी होईपर्यंत रिसेटमध्ये राहतो.

आता १ आणि २ नंबरच्या पिनमध्ये ४७० ओहमचा आणखी एक रेझिस्टर लावा. हा बहुतेक आकृत्यांत नसतो आणि नेमका बाहेरच्या कामात तोच उपयोगी पडतो. तो नसेल तर १० किलोओहमच्या गळतीतून जवळपास १ मिलिअँपिअर ऑप्टोकपलरच्या एलईडीत जातो आणि संवेदनशील नग तेवढ्यावर ईएन खाली ओढू शकतो. ४७० ओहम असले की त्याच गळतीत एलईडीवर अर्धा व्होल्टही येत नाही. तो पेटायला साधारण एक व्होल्टच्या वर लागतात. बटण खरंच दाबलं तर ४७० ओहममधून अडीच मिलिअँपिअर गेले तरी एलईडीला ८ उरतात, तेवढे भरपूर झाले. त्याच दोन पिनांवर १एन४१४८ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू १ नंबरकडे. उलटा झटका आला तर एलईडी वाचतो.

पुरवठा ५ व्होल्टचा असेल तर १ किलोओहमच्या जागी ३३० ओहम.

एका बटणावर दोन-तीन कंट्रोलर रिसेट करायचे असतील, तर त्यांच्या ईएन पिना एकमेकींना जोडू नका. एकाची वीज गेली की तो बाकीच्यांनाही खाली ओढतो. प्रत्येकात एक पीसी८१७ बसवा आणि त्यांचे एलईडी एकामागे एक, सिरीजमध्ये जोडा. तिघांसाठी १२ व्होल्टवर १ किलोओहमऐवजी ६८० ओहम घ्या. ४७० ओहम आणि डायोड प्रत्येकाला स्वतंत्र.

पिक्सेलचीही वीज तोडायची असेल तर

माळेचा करंट बटणातून नेऊ नका. ५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढऱ्यावर सुमारे ५५ ते ६० मिलिअँपिअर घेतो, ५० पिक्सेलची माळ ३ अँपिअरच्या आसपास. असा करंट तोडायला लागलं की छोटं बटण काही दिवसांत चिकटतं.

१२ व्होल्टच्या माळांसाठी गाडीतला पाच पिनांचा रिले सोयीचा. ८५ आणि ८६ कॉइलच्या पिना, ३० सामाईक, ८७ए नेहमी जुळलेली, ८७ मोकळी सोडायची. पॉझिटिव्ह फ्यूजमधून ३० वर आणा, ८७ए वरून माळा आणि कंट्रोलर दोन्हींना पुरवठा द्या. फ्यूजनंतरच्याच पॉझिटिव्हवरून एक तार बटणातून ८६ ला, ८५ निगेटिव्हला. कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टी ८६ कडे. बटण दाबलं की कॉइल ओढते, ८७ए सुटते आणि सगळं अंधारात जातं. सोडलं की परत येतं. एरवी कॉइलमध्ये वीज नसते, त्यामुळे रिले तापत नाही, आणि कॉइलची तार तुटली तरी लाइट चालूच राहतात, फक्त बटण चालत नाही. कॉइल १५० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, ते बटणाला जड नाही. रिलेवर दोन आकडे छापलेले असतील तर ८७ए साठी लहान आकडा धरा.

कंट्रोलर आणि माळ दोन्ही एकदम तोडायला सांगितलं ते उगीच नाही. फक्त माळेची वीज तोडली आणि कंट्रोलर चालू राहिला, तर डेटाच्या तारेतून पहिल्या पिक्सेलच्या आतल्या संरक्षक डायोडमार्गे थोडी वीज शिरते. पहिला पिक्सेल मंद मिणमिणत राहतो आणि कोरा होत नाही. बटण ५ सेकंद दाबून धरा. माळेवर १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतील तर १०. नुसती टिचकी मारली तर कपॅसिटरच्या जोरावर सगळं जिवंत राहतं.

५ व्होल्टच्या माळांवर रिलेच्या कॉन्टॅक्टमधली घट जाणवते. पूर्ण पांढऱ्यावर ठेवून ३० आणि ८७ए मधलं व्होल्टेज मोजा. ०.२ च्या वर असेल तर रिले बदला किंवा माळा दोन रिलेंवर विभागा.

भोक, गास्केट, ओल

बटणासाठी भोक डब्याच्या खालच्या बाजूला पाडा, फार तर बाजूच्या भिंतीत. वरच्या बाजूला कधीच नाही. स्टेप ड्रिलने १६ मिलिमीटरच्या बटणाला १६ चंच भोक, आणि कडेचे बुरे खरवडून काढा, नाहीतर ओ-रिंग चिरते. ओ-रिंग डब्याच्या बाहेरच्या बाजूला येते. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा. पान्याने जोर लावला तर रिंग पसरून बाहेर येते आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

केबलला पीजी७ ग्लँड (केबलभोवती आवळून पाणी अडवणारी खोबणी) बसतं, पण एका ग्लँडमधून एकच गोल केबल न्या. दोन सुट्या तारा घातल्या तर मधल्या फटीतून पाणी झिरपतं. केबल ग्लँडकडे येण्याआधी खाली झोळ देऊन वर आणा. सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल क्युअर जातीचं. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं आणि बंद डब्यात ते तांब्याला हिरवं करतं. डबा कितीही घट्ट असला तरी दिवसा तापून रात्री निवताना आत दव धरतंच, म्हणून तळाला ३ मिलिमीटरचं एक भोक निचऱ्यासाठी राहू द्या.

लावण्याआधी टेबलावर

मल्टिमीटर ईएन आणि जीएनडीवर: बटण न दाबता ३.३ व्होल्ट, दाबल्यावर ०.२ च्या खाली. सोडल्यावर कंट्रोलर किती सेकंदात लाइटवर येतो ते बघून ठेवा. मग माळ पूर्ण पांढऱ्यावर चालू ठेवून, त्याच वायरिंगवरचं ड्रिल मशीन किंवा मिक्सर वीसेक वेळा चालू-बंद करा. एकदाही रिसेट होता कामा नये. शेवटी बटणावर फवारणीच्या बाटलीने पाणी मारा आणि ईएनचं व्होल्टेज बघा, ३.३ वरून ते जरासुद्धा हललं तर बटण किंवा गास्केट परत बसवा.

यानंतरही कंट्रोलर आपोआप रिसेट होत असेल तर कारण चिपलाच विचारा. ईएसपी३२ चा सिरियल मॉनिटर ११५२०० वर लावला, की सुरुवातीच्या ओळींत रिसेटचं कारण छापून येतं. ब्राउनआउट दिसलं तर बटणाचा संबंध नाही, पुरवठा कोसळतोय. ईएसपी वायफायवर बोलताना क्षणभर जास्त करंट ओढतो, त्याच्या ५ व्होल्टच्या पिनेजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि बारीक तार बदला. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की चिपला रिसेट करणारा पहारेकरी) दिसलं तर प्रोग्रॅममध्ये खोट आहे. आणि पॉवरऑन दिसतंय पण वीज तर गेलेलीच नाही, तर रिसेट ईएनवरून येतोय, कारण ईएसपी३२ ईएनचा रिसेटही पॉवरऑन म्हणूनच नोंदवतो. बटणाची तार बोर्डापासून सोडवून एक रात्र चालवून बघा. ईएसपी८२६६ वर हाच मजकूर ७४८८० वर वाचता येतो आणि तिथे बाहेरून आलेल्या रिसेटला वेगळा आकडा आहे: पॉवरऑनला १, आरएसटी पिनला २.

उलट तक्रारही येते: बटण दाबलं, लाइट थांबले, आणि परत आलेच नाहीत. बहुतेक वेळा बूटच्या क्षणी बघितल्या जाणाऱ्या पिनांपैकी एखादीवर काहीतरी जोडलेलं असतं. ईएसपी८२६६ ला त्या क्षणी जीपीआयओ ० आणि २ या पिना ३.३ व्होल्टला (हाय) आणि १५ जमिनीला (लो) लागते. ईएसपी३२ वर जीपीआयओ ० लो असेल तर चिप प्रोग्रॅमची वाट बघत बसते, आणि जीपीआयओ १२ हाय असेल तर फ्लॅशचा पुरवठा १.८ व्होल्टचा समजून बूटच होत नाही. रिले मॉड्यूल किंवा पुल-अप तिथून काढून दुसऱ्या पिनवर न्या. रिसेटच्या क्षणी पहिले दोन-चार पिक्सेल भलत्या रंगात चमकत असतील, तर तेवढ्या वेळात डेटाची पिन अधांतरी असते. तिच्यावरून जमिनीला १० किलोओहम लावा, फक्त ती पिन वरच्या यादीतली नसावी. आणि फर्मवेअर अपडेट चालू असताना बटणाला हात लावू नका. घरातल्या बाकीच्यांना हे माहीत नसतं, म्हणून बटणाशेजारी पुसली न जाणारी चिठ्ठी लावा: एकदा दाबा, सोडा, लाइट येईपर्यंत परत दाबू नका.